सत्तेचाळीस नंबरचा जोडीदार

आख्ख्या मावळ तालुक्यात स्वतःचा मेंदू रेल्वेच्या नियमांनी चालवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. बाकीच्यांचे मेंदू आपापल्या मर्जीनं चालतात. कधी वेळेवर, कधी उशिरा, कधी मधेच आडबाजूला थांबतात. मामाच्या मेंदूला मात्र सिग्नल लागतो, कुलूप लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंबर लागतो.

हा नंबर काय ते आधी सांगते. मामा उभा जन्म रेल्वेच्या फाटकावर गेटमन होता. गाडी यायच्या आधी स्टेशन मास्तर फाटकावर फोन करतो. गेटमन फाटक बंद करतो, कुलूप घालतो, आणि मग फोनवर एक दोन आकडी नंबर सांगतो. हे नंबर त्याला एका तक्त्यावर छापून मिळतात. एक नंबर एकदाच वापरायचा, वापरला की त्याच्यावर काट मारायची. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. नुसतं "व्हय सायेब, केलं बंद" याला रेल्वेत काही किंमत नाही. नंबर आला की मगच फाटक बंद झालं असं धरतात. मामा रिटायर होऊन औंढ्याला घरी आला, पण नंबर काही रिटायर झाले नाहीत. तो ओट्यावरून विचारायचा, "च्या ठिवला का?" मामी आतून म्हणायची, "ठिवला." "नंबर?" "त्रेसष्ट!" मामा समाधानानं मान हलवायचा. पण चुकून तोच नंबर दुसऱ्यांदा आला, तर ओट्यावरून आवाज यायचा, "त्रेसष्ट मघाशी गॅस बंद करताना दिलावता. च्या खरा ठिवला का?" आणि गंमत म्हणजे अशा वेळी चहा खरोखरच ठेवलेला नसायचा.

दाराशेजारची हातभर रुंद भिंत त्यानं खालपासून वरपर्यंत काळी रंगवून घेतली होती. तिच्यावर खडूनं घरातल्या सगळ्या घडामोडींची वेळ लिहायची आणि पुढे नंबर टाकायचा. म्हैस व्याली, चार बावन्न, नंबर एकतीस. लाईट गेली, सात चाळीस, नंबर नऊ. माझा बी.एस्सी.चा निकालही त्या भिंतीवर लागला होता. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजची पायरी चढून पलीकडे उतरलेली मी पहिली. परंदवडीच्या आमच्या घरून पेढे घेऊन मी औंढ्याला गेले आणि मार्क सांगायला लागले, तर मामा म्हणाला, "मार्क ऱ्हाऊ दे, नंबर दे." मी अठ्ठ्याऐंशी म्हणाले. त्यानं तो लिहिला, आणि तेव्हापासून माझं नाव 'बीएश्शी' पडलं. घरातला प्रत्येक इंग्रजी कागद, औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरापासून वलवणला झालेल्या बंगल्यांच्या पाट्यांपर्यंत, "बीएश्शीला दावा" म्हणून माझ्याकडेच येतो. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

एकदा तर मामानं भर लग्न अडवलं होतं. माझ्या मावसबहिणीचं लग्न, अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत गरम झालेल्या, आणि मामा मागच्या रांगेतून ओरडला, "थांबा! नवरीकडनं नंबर आल्याला न्हाई!" मंडपात हशा पिकला. नवरदेवाचे काका तापले. मामा शांतपणे म्हणाला, "तिला इचारलंय का कुनी, तयार हाय का म्हनून? उगं गाडी सोडताय." अंतरपाटामागून बारीक आवाज आला, "बावीस." "सोडा आता," मामा म्हणाला. त्या बहिणीचा संसार सोन्यासारखा चाललाय, आणि त्याचं श्रेय मामा नवऱ्याला देत नाही, बावीसला देतो.

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला तोही नियमानंच. रविवार होता, मला सुट्टी होती, म्हणून मी आदल्या दिवसापासून औंढ्याला होते. मामा ओट्यावर चहा पीत होता. मामीनं आतून विचारलं, "अवो, गोठ्याची कडी घातली का?" "हं." "नंबर?" आणि नंबर आला नाही. मामाच्या तोंडून, जिभेखाली खडा ठेवल्यासारखं, "आब्ब… आब्ब…" एवढंच आलं, आणि उजव्या हातातली कपबशी खाली पडली. मामी बाहेर आली. तोंड एका बाजूला ओढलेलं तिनं पाहिलं. दुसरी कुणी असती तर तिनं आधी टाहो फोडला असता. मामीनं आधी खडू उचलला, भिंतीवर हाताला येईल तिथं, पार वरच्या कोपऱ्यात, 'आठ सतरा' लिहिलं, आणि मग टाहो फोडला. नंतर ती मला म्हणाली, "आदी बोंबलले आसते आनि येळ चुकली आसती, तर बरं झाल्यावर ह्यांनी माजं डोकं खाल्लं आसतं."

शेजारच्या बबनचा टेम्पो निघाला. पुढच्या सीटवर बबन, मधे मामा, कडेला त्याला धरून मी. मामी मागच्या हौद्यात, रिकाम्या टोमॅटोच्या क्रेटवर. आणि हायवेला लागायच्या आधी फाटक. मामाचंच जुनं फाटक. दांडा खाली यायला लागला होता, बबननं दात आवळून टेम्पो दामटला, आणि मामानं चांगल्या असलेल्या डाव्या हातानं खच्चून हँडब्रेक ओढला. टेम्पो जागच्या जागी उभा.

"मामा, तुमी मरायला लागलाय!" बबन किंचाळला.

"फा… फा…" मामा म्हणाला, आणि डावा पंजा समोर धरला. थांब.

"बीएश्शीताई, सांगा की ह्यास्नी कायतरी!"

मी हँडब्रेक सोडवायला हात घातला, तर तोच पंजा मामानं माझ्या हातावर ठेवला. एक मालगाडी आली. मालगाडीला किती डबे असतात हे मला त्या दिवशी कळलं. शेवटचा डबा गेल्यावर नव्या गेटमननं आत कोण बसलंय ते पाहिलं आणि पळत येऊन आमची बाजू आधी उघडली. पुढे डॉक्टरांकडून कळलं की रक्त अडलं की मिनिटागणिक मेंदू मरत जातो. त्या मालगाडीची मिनिटं मी मामाला अजून माफ केलेली नाहीत. तो म्हणतो, "मेंदू माजा व्हता. फाटक सगळ्यांचं हाय."

पुण्याच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांना हे नेमकं कधी सुरू झालं?" मामी म्हणाली, "आठ सतरा." डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "नक्की?" "भित्तीवर लिवलंय, या बगायला." बाई क्षणभर हसल्याच. "मावशी, लोक 'सकाळी सकाळी' सांगतात, 'गुरं सोडायच्या वक्ताला' सांगतात. आणि मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन वेळ माहीत असल्याशिवाय देता येत नाही." डोक्याचा फोटो काढला, गाठ दिसली, इंजेक्शन लगेच गेलं.

आणि मग त्या कागद घेऊन आल्या. इंग्रजीचा आणि मराठीचा. सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. बाईंनी समजावलं ते असं. गाठ विरघळली तरी तिच्या आसपासचा मेंदूचा भाग अर्धमेला झालेला असतो, ना धड जिवंत, ना मेलेला. त्याला तग धरायला लावता येईल का, यासाठी एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. अभ्यासातल्या निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. दोन्ही दिसायला सारखं. कुणाला काय मिळालं हे पेशंटला कळणार नाही, आणि डॉक्टरलाही नाही. नेहमीचे उपचार मात्र सगळ्यांना होणार.

"डॉक्टरलाबी न्हाई?" बबन म्हणाला. "बाटलीत काय हाय ते डॉक्टरलाच ठाव न्हाई, तर आमच्यात आनि डॉक्टरात फरक काय?"

मामी म्हणाली, "पानी तर मी घरीबी पाजते, बाई. त्येच्यासाठी टेम्पोत धक्के खात हितवर आनलं व्हय?"

मी हे सगळं कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण परीक्षेत पलंगावर मामा नसतो. 'नाही' म्हणावं तर औषध हातचं जाईल, 'हो' म्हणावं तर कदाचित पाणीच. तेवढ्यात मामानं डाव्या हातानं माझी ओढणी ओढली. बोलता येत नव्हतं, पण समज शाबूत होती. बाईंनी त्याला सगळं पुन्हा सावकाश सांगितलं आणि औषधाचा डबा दाखवला. डब्यावर औषधाचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. सत्तेचाळीस. मामानं त्या नंबरावर बोट ठेवलं आणि अशी मान हलवली की रेल्वे बोर्डानंच मंजुरी दिलीय. डाव्या हाताचा अंगठा त्यानं उठवला, साक्षीदार म्हणून मी सही केली. माझ्या सहीला वजन आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि मला ते पेलवेना.

पुढे जीभ वळायला लागल्यावर त्यानं मला समजावलं. "त्यात घाबरायचं काय गं, बीएश्शी? मी फोनवर सत्तेचाळीस म्हनलो, की मास्तरला कळतं काय ते. गाडीतल्या लोकास्नी कळून काय करायचंय? सगळ्यास्नी नंबर कळला तर त्यो प्रायव्हेट कसला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा अभ्यास इतका झटक्यात समजलेला पेशंट त्यांनी पाहिला नव्हता.

पण एका बाबतीत मामानं नियम मोडला. आपल्याला औषधच मिळालं, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. बोलणं सुधारलं, पाय घराबाहेर पडला, आणि त्यानं आख्ख्या पंचक्रोशीत भाषण सुरू केलं. "मेंदू म्हंजी भाताचं खाचर. पाटाला दगूड अडकला की त्वांडाशी आसल्याली रोपं आदी करपत्यात. पर कडंची लगेच मरत न्हाईत, माना टाकून वाट बगत्यात. माज्या औषधानं त्या कडंच्या रोपांच्या माना धरून ठिवल्या." पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायकांना तो रांगेत उभं करायचा. "हसा बगू. दोनी हात वर. नाव सांगा." तोंड वाकडं नाही, हात खाली येत नाही, जीभ अडखळत नाही, याची खात्री झाली की मग दळण. शनिवार-रविवारी लोणावळ्यात मुंबईच्या गाड्या तुंबल्या की मामाला उधाण यायचं. हलत नसलेल्या गाडीची काच काठीनं वाजवायची आणि आत बसलेल्यांना म्हणायचं, "हसा." लोक घाबरून हसायचे. "हात वर." लोक हातही वर करायचे, पाकीट मागतोय असं समजून. एका बाईनं तर गळ्यातली साखळी काढायला घेतली. मामा रागावला, "साखळी ऱ्हाऊ द्या हो! घड्याळ बगायला शिका!" तिला चिक्कीचा तुकडा देऊन, सगळं समजावून, मगच तो पुढच्या गाडीकडे गेला.

व्यायामासाठी हॉस्पिटलानं रबरी चेंडू दिला होता. तो त्यानं म्हशीच्या रेडकाला खेळायला दिला आणि ट्रंकेतून जुनी हिरवी झेंडी काढली. लांबून गाडीचा आवाज आला की ओट्यावर उभं राहून उजव्या हातानं झेंडी दाखवायची. पहिल्या महिन्यात झेंडी कमरेपर्यंत जायची, मग छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत येऊन अडली. भिंतीवरचं 'आठ सतरा' मात्र नंबराशिवाय तसंच होतं. दिवाळीला भिंत पुन्हा काळी रंगवली तेव्हा त्यानं तेवढी जागा सोडायला लावली. मी म्हटलं, "मामा, डाव्या हातानं टाक ना नंबर." तर म्हणाला, "गेटमन डाव्या हातानं नंबर टाकत न्हाई."

आणि मग आला जोडीदार. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पाणी, यावरून मामानं हिशोब मांडला की त्याला औषध मिळालं म्हणजे त्याच्या वाटचं पाणी दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. या माणसाला तो 'पानीवाला जोडीदार' म्हणायला लागला. आधी गंमत होती, मग तो त्याची काळजी करायला लागला. "जोडीदाराचा हात उचलत आसंल का गं?" "त्येच्या बायकूनं येळ लिवली आसंल का?" जेवताना मधेच घास थांबायचा. भात झोडून झाला की पहिला इंद्रायणी तांदूळ त्यानं एका छोट्या पोत्यात वेगळा भरला, पोत्यावर कोळशानं 'जोडीदार' लिहिलं, आणि तपासणीला गेलो तेव्हा खांद्यावर टाकून घेऊन आला.

"काका, कोण कुठल्या गटात आहे ते मलाच माहीत नाही. मी हा तांदूळ देऊ कुणाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कळंल तवा द्या."

"तोवर पोरकिडे होतील काका."

म्हणून पोतं परत आलं आणि देवळीखाली राहिलं. मामी त्याला हात लावायला गेली की मामा म्हणायचा, "त्यो आपला न्हाई." मामी मला हळूच म्हणायची, "सवतीचं आसतं तर कळलं आसतं. ह्या पोत्याचं काय करू?"

हॉस्पिटलाचं इंग्रजी पत्र माझ्या हातात आलं ते हे असं चालू असताना. अभ्यास संपला होता. भाग घेतल्याबद्दल आभार, औषधाचा उपयोग किती हे ठरवायला अजून अभ्यास लागेल, आणि शेवटी एक ओळ. डबा नंबर सत्तेचाळीस: सलाईन.

मी ते पत्र पर्समध्ये ठेवून दोन दिवस कामावर गेले. माझी परंदवडीजवळच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी आहे, नमुन्यात जे निघेल तेच लिहायचं, हा माझा धंदा. पण या वेळी मला वाटलं, लिहू नये. मामा उभा राहिला होता तो त्या औषधाच्या भरवशावर. झेंडी खांद्यापर्यंत आली होती ती "माजं औषध अजून काम करतंय" म्हणत. पाणीच होतं म्हटल्यावर त्यानं झेंडी ट्रंकेत टाकून दिली तर? खोटं सांगणं अगदी सोपं होतं, इंग्रजी वाचणारी घरात मी एकटीच. पण साक्षीदार म्हणून सही माझी होती.

रविवारी औंढ्याला गेले. मामा ओट्यावर, मामी दारात, बबन उगाचच आलेला. मी जसं होतं तसं वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

मामा भिंतीकडे बघत होता. "नंबर परत वाच."

"सत्तेचाळीस."

"बराबर हाय."

बबन हळूच म्हणाला, "म्हंजी मामा, वरीसभर तुमी पान्यावर भाषनं ठोकली?"

मामीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "म्हंजी ह्यास्नी मी वाचिवलं!"

"तू न्हाई," मामा म्हणाला, "खडूनं."

"खडू चालत आलता व्हय भित्तीपाशी?"

आणि मामा हसला. तोंडाची उजवी बाजू जराशी मागे राहते, पण येते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम थांबला. "म्हंजी बीएश्शी, औषध जोडीदाराला गेलं."

"हो मामा."

"बरं झालं. लय लागून राह्यलं व्हतं मला." त्यानं पत्राचा कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला. "आनि त्यालाबी पत्र आलं आसंल?"

"आलं असेल."

"मंग आता त्यो माजी काळजी करत बसंल." मामाचा चेहरा उतरला. "त्याला कळीव की. इकडं ठीक हाय म्हनाव."

"कुणाला कळवू मामा? ते नाव सांगत नाहीत."

त्यानं मान हलवली. हा नियम त्याला पटण्यासारखा होता. मामीला म्हणाला, "त्यो तांदूळ घाल आज. ज्याचा व्हता त्यालाच गावला." मग उठला, कोनाड्यातला खडू उजव्या हातात घेतला आणि भिंतीपाशी गेला. हात कमरेवर आला, छातीवर आला, खांद्याशी येऊन थांबला. बबननं पुढे होऊन कोपराला आधार द्यायला हात केला, तशी मामानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. बबन मागे सरला. मग हात हळूहळू, मालगाडीसारखा, खांद्याच्या वर गेला, आणि वरच्या कोपऱ्यात 'आठ सतरा'च्या पुढे मामानं वाकड्यातिकड्या आकड्यांत लिहिलं, सत्तेचाळीस.

"झालं," तो म्हणाला, "सोडा गाडी." आत भात रटरटायला लागला होता आणि इंद्रायणीचा वास ओट्यावर आला होता.

आता त्याच्या फाटकाच्या जागी पूल होतोय. फाटक गेलं की तिथं ना गेटमन राहील, ना फोन, ना नंबर. मामा अजून रोज ओट्यावरून झेंडी दाखवतो. इंजिनात बसलेल्याला ती एवढ्या लांबून दिसत नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. एखाद्या दिवशी झेंडी कानाच्याही वर जाते. मी विचारलं, "मामा, एवढी उंच कशाला?" तर म्हणाला, "जोडीदार गाडीत आसला तर? नाव ठाव न्हाई, पर झेंडी तर वळखंल."